ताळा जुळला

फेरपरीक्षेला नऊ दिवस होते. धडा एकच, अपूर्णांकांची समीकरणं. दहा गणितं, त्यातली सहा बरोबर यायला हवी होती. सहा आली तर मुंगी पुढच्या वर्गात. पाच आली तर पुन्हा तोच वर्ग, तोच बाक, आणि तिच्या बरोबरीच्या मुली जिना चढून वरच्या मजल्यावर. शाळेने हे सगळं दोन ओळींच्या चिठ्ठीत बसवलं होतं. मी ती इतक्या वेळा उघडली की घडीवर फाटली.

मुंगी हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. रांगायची तेव्हा दिसेल ते तोंडात धरून पलंगाखाली न्यायची. ती झाली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, पदवीच्या शेवटच्या वर्षाला, विषय गणित. तिला मांडीवर आडवी टाकून मी पेपरांची तयारी केली. आणि हिचं नेमकं गणितातच अडावं?

"अगं, पदवी तुझी आहे, तिची नाही," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याला कशाचंच काही वाटत नाही. "खाली आलेली वर जातेच. माझं पोट त्यावरच चालतं."

"तुम्हाला सगळ्याची चेष्टा."

"आणि तुला सगळ्याची धास्ती. दोघं मिळून बरोबर होतं."

मी काचेच्या कारखान्यात बाटल्या बघते. औषधाच्या छोट्या बाटल्या पट्ट्यावरून पांढऱ्या दिव्यासमोरून सरकत जातात. ज्या बाटलीला केसाएवढी चीर असेल ती उचलून मागच्या खोक्यात टाकायची. मिनिटाला साठ बाटल्या. आठ वर्षांत माझ्या हातून चिरलेली बाटली सहसा पुढे गेलेली नाही. घरी आले तरी डोळे थांबत नाहीत. गॅसचं बटण तीनदा बघते, दाराची कडी दोनदा, आणि मुंगीचा चेहरा किती वेळा ते मोजलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी तिला नीट समजावलं. छेदांचा लसावि काढायचा, त्याने दोन्ही बाजूंना गुणायचं, छेद उडून जातात. मग क्ष सगळे एकीकडे, आकडे दुसरीकडे. उत्तर आलं की ते मूळ समीकरणात घालायचं आणि ताळा करायचा. डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी आली की झालं.

"समजलं?"

"हो."

"नक्की? नाही समजलं तर सांग हं."

"समजलं गं आई."

"मग ताळा जुळला की मला दाखव. ताळा जुळलेला असला की बाकीचं मला बघायलाच नको."

हे मीच म्हणाले. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. चारला सुटून घरी यायचं, स्वयंपाक करायचा, कपडे घडी करायचे. त्यात प्रत्येक ओळ कुठे तपासत बसणार? ती टेबलाशी बसायची, मी ओट्याशी. पाचेक मिनिटांनी वही पुढे यायची. मी हात पुसून शेवटची ओळ बघायची. डावी बाजू बरोबर उजवी बाजू, खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा. मी लाल पेनाने बरोबरची खूण करायची.

पहिल्या दिवशी चार गणितं, दुसऱ्या दिवशी सहा. एकही ताळा चुकला नाही. माझा जीव भांड्यात पडला. पाचव्या दिवशी जेवताना मी गुणगुणतेय हे नवऱ्याने मला दाखवून दिलं.

"ऐकलंस का मुंगे? तुझी आई गातेय. खिडक्या लावून घे."

मुंगी हसली. माझ्या ताटाकडे बघून हसली, हे मला आज आठवतंय.

परीक्षेहून ती शांतपणे घरी आली. "सगळी सोडवली," म्हणाली. "सगळ्यांचे ताळे जुळले." त्या रात्री मी गॅसचं बटण एकदाच बघितलं आणि गाढ झोपले.

परीक्षेनंतर चौथ्या दिवशी गणिताच्या बाईंनी बोलावलं. कारखान्यातून अर्धी सुटी काढून गेले. शिक्षकांच्या खोलीत लांब टेबल होतं, त्यावर वह्यांचे गठ्ठे. बाई वयस्कर होत्या, आवाज मऊ. त्यांनी पेपर माझ्यासमोर ठेवला.

"तीन," त्या म्हणाल्या. "जिथे सगळ्याच पदांखाली छेद होते, ती तीन बरोबर आहेत. बाकी सात चुकली."

"पण ताळा..."

"तेच दाखवायला बोलावलंय तुम्हाला." त्यांनी पेनाचं टोक एका ओळीवर ठेवलं. "हे बघा. क्ष छेद तीन, अधिक दोन, बरोबर क्ष छेद दोन. लसावि सहा, इथपर्यंत ठीक. सहाने अपूर्णांकांना गुणलं आणि मधला दोन तसाच सोडला. त्याचे बारा व्हायला हवे होते. म्हणून उत्तर आलं दोन. असं पुष्कळ मुलं करतात, ते शिकवता येतं. पण पुढे बघा."

मी बघितलं. ताळा. डावी बाजू: दोन तृतीयांश अधिक दोन बरोबर एक. उजवी बाजू: एक. खाली दोन रेघा.

"दोनात आणखी काहीतरी मिळवलं," बाई म्हणाल्या, "आणि आला एक. सातही गणितांत असंच. ही चूक नाही हो. आधी उजवी बाजू काढलीय आणि तीच डावीकडे उतरवलीय. घरी कोण बघतं हिचं?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी एक कागद पुढे केला. वर्ष गेलं होतं, ते त्यावर आधीच लिहिलेलं होतं. मी सही केली.

घरी मुंगी अजून आली नव्हती. मी तिची वही काढली आणि उभ्यानेच उघडली. अठ्ठेचाळीस गणितं. अर्ध्यातून तीन वजा केले होते आणि उरला होता एक पंचमांश. बाजूला माझी लाल खूण. पुढच्या पानावर तसंच, त्यापुढच्या पानावरही. एकतीस चुका मोजल्या आणि त्या एकतिसांपुढे माझ्या लाल खुणेची, जरा घाईची, वर ओढलेली शेपटी.

ती आली. वही बघितली आणि दप्तर न उतरवताच दारात उभी राहिली.

"का गं?" मी विचारलं. ओरडले नाही. "ताळा जुळत नव्हता तर सांगायचं होतंस ना. मी परत शिकवलं असतं."

ती बुटाच्या टोकाने फरशी घासत राहिली.

"बोल ना मुंगी."

"सहामाहीच्या वेळी सांगितलं होतं."

"मग?"

"तू काही बोलली नाहीस. डोक्याला हात लावून बसलीस. मग जेवली नाहीस." ती थांबली. "दुसऱ्या दिवशीपण नाही."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी नवरा आला. मी पेपर त्याच्यापुढे सरकवला. त्याने हात धुऊन तो उलटसुलट बघितला आणि मुंगीला शेजारी बसवलं.

"या दोनाला का नाही गुणलं गं?"

"त्याच्याखाली काहीच नाही ना, बाबा. छेद घालवायला गुणायचं. त्याला छेदच नाही."

"बरं. लिफ्टमध्ये तीन माणसं आहेत. दोघांनी बटण दाबलं, तिसरा नुसताच उभा. लिफ्ट सहाव्या मजल्यावर गेली. तिसरा कुठे?"

"सहाव्यावर."

"का? त्याने तर बटण दाबलं नव्हतं."

"लिफ्टमध्येच आहे ना तो!" मुंगी म्हणाली, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. मग तिने पेन्सिल ओढली. दोनाचे बारा केले. क्ष बरोबर बारा. ताळा केला, खरा: चार अधिक दोन, सहा. बाराचे अर्धे, सहा.

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नऊ दिवस हा माणूस याच टेबलाशी चहा पीत बसला होता आणि मी त्याला म्हणत होते, तुम्ही मध्ये बोलू नका.

"वा रे वा!" तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याने पेपर पालथा घातला.

मी पानं वाढली. तिघं बसलो.

"मुंगी," मी म्हणाले, "त्याच वर्गात परत बसावं लागेल. मैत्रिणी वर जातील. वाईट वाटतंय का गं?"

"नाही आई. काही वाटत नाही."

लगेच म्हणाली, स्वच्छ आवाजात. मी तिचा चेहरा बघितला. कुठे चीर नव्हती. आमची रोजची प्रश्नोत्तरं आठवली: डबा संपवला का, हो. बरं वाटतंय ना, हो. बाकावर शेजारी कोण बसतं, बसतात सगळ्या. किती वर्षं मी शेवटची ओळ बघून खूण करत आले असेन, आणि आता मागची पानं कुठे शोधायची?

ताट बाजूला सारायला हात पुढे गेला आणि तेवढ्यात मला दिसलं की ती जेवत नाहीये. ती माझ्या हाताकडे बघतेय.

मी घास उचलला. तोंडात घातला. चावला. गिळला.

"छान झालंय," मी म्हणाले.

तिने मान खाली घातली आणि जेवायला लागली.