यमुनाबाई दमल्या नव्हत्या

तुम्ही खोटं बोललात, साहेब. एपवर्थच्या चर्चच्या आवारात, थडग्याला हात टेकवून, पाहुण्या गोऱ्या माणसांसमोर, काखेत बायबल धरून खोटं बोललात. तुमचं नाव मी लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. नाव लिहिलं की लोक म्हणणार, या दोघांचं काहीतरी वाजलं असेल. वाजलेलं काही नाही. इंग्लंडात जिथे जिथे मराठी ख्रिस्ती लोक महिन्यातून एकदा जमून उपासना करतात, तिथे तिथे तुमच्यासारखा एक साहेब माइक धरून बसलेला असतो. ज्याला वाटेल की हे आपल्याबद्दल आहे, त्याने ते आपलंच समजावं.

२००३ साल. मेथडिस्ट पंथाचा मूळपुरुष जॉन वेस्ली, त्याच्या जन्माला तीनशे वर्षं झाली होती. तुम्ही तीन दिवसांची बसची टूर काढलीत. लंडनमधलं त्याचं चर्च आणि घर, ब्रिस्टलचं जुनं सभागृह, शेवटी त्याचं जन्मगाव एपवर्थ. मी आणि माझी बायको वीणा बेसिंगस्टोकहून आलो होतो. ती हॉस्पिटलात नर्स, मी गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. बस मिल्टन कीन्सहून सुटली आणि पहिल्या राउंडअबाउटला तुम्ही माइक हातात घेतलात तो ब्रिस्टल येईपर्यंत सोडला नाहीत.

"आमचे पणजोबा दशग्रंथी. काशीला शिकलेले. सगळे वेद वाचून, तोलून, मग त्यांनी प्रभूला स्वीकारलं." हे तुम्ही आम्हाला लंडनच्या आधी सांगितलंत आणि लंडननंतरही. पुढे वाटेत कुणी झोपलेलं दिसलं म्हणून पुन्हा सांगितलंत. प्रभूपुढे तुमच्या पणजोबांनी गुडघे टेकले असतील, पण तुमच्या सांगण्यावरून वाटत होतं की प्रभूच त्यांच्याकडे इंटरव्ह्यूला आला होता.

आणि माझ्या पुढच्या सीटवर यमुनाबाई बसल्या होत्या.

यमुनाबाई ही आमच्या हरीशची आई. हरीश मिल्टन कीन्समध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे. आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली, पुढच्याच महिन्यात परत जायची होती. नऊवारी, वर मुलाचं जाडजूड जॅकेट, पायात चपला आणि मोजे. तळेगावच्या पुढच्या वस्त्यांमधून ही बाई उभा जन्म बायबलबाई म्हणून फिरली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाळक, म्हणजे धर्मगुरू, चर्चमध्ये पुलपिटवर, प्रवचनाच्या उंच चौथऱ्यावर, उभा राहतो आणि बायबलबाई पायी वस्त्यांवर जाते. बायांमध्ये बसते, वचन सांगते, पोरांचे कान बघते, भांडणं सोडवते. पुलपिटवर तिला कुणी चढू देत नाही. यमुनाबाईंनाही कधी दिलं नाही. त्या विहिरीच्या काठावर, नाहीतर कुणाच्या तरी ओट्यावर बसून बोलायच्या, आणि जास्त करून एपवर्थच्या थडग्याची गोष्ट सांगायच्या. वेस्ली आपल्या गावी परत आला, तिथल्या पाळकानं त्याला पुलपिट नाकारलं, मग हा बाहेर आपल्या बापाच्या थडग्यावर उभा राहिला आणि तिथून बोलला. सगळं गाव ऐकायला लोटलं. बाया विचारायच्या, "बाई, तुम्ही पाहिलंय का ते थडगं?" यमुनाबाई म्हणायच्या, "नाही गं. पण आहे."

म्हणून या बाईला एकच गोष्ट हवी होती. त्या थडग्यापाशी उभं राहून तीच गोष्ट एकदा मराठीत सांगायची. दुसरं काही नाही. लंडन ब्रिज नको, राणीचा वाडा नको. हरीशनं तुम्हाला विचारलं आणि तुम्ही फोनवर "अरे वा, अवश्य!" म्हणालात. म्हणूनच ती बसमध्ये होती.

लंडनच्या चर्चच्या दारात तिनं चपला काढल्या. तिच्या गावात देवळात शिरावं तसंच चर्चमध्येही अनवाणी शिरतात. तिचं बघून मागच्या चार-सहा जणांनी सवयीनं बूट काढले. माझ्या वीणानंही. दाराशी बुटांची ही रांग लागली. तुमचा चेहरा असा झाला की जणू कुणी वेस्लीच्याच घरात थुंकलं. "घाला, घाला आधी! हे काय चाललंय? आपण कुठे आहोत याचं काही भान?" मग गाईडकडे वळून, इंग्रजीत, हसत: खेड्यातले लोक आहेत हो, माफ करा. आमच्या बसबरोबरची गाईड पॉलीन, साठीची बाई, म्हणाली, "माफी कशाची? मला तर आवडलं." तुम्ही ते ऐकलं नाहीत. तुम्हाला गोऱ्याचं नाक मुरडलेलंच ऐकू येतं. ते मुरडलं नाही तर तुम्ही स्वतः मुरडून दाखवता.

दुपारी बसमध्ये तुम्ही वेस्लीचं कौतुक करत होतात. कोळशाच्या खाणीतल्या मजुरांकडे तो कसा गेला, ज्यांना चर्चमध्ये कुणी उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी माळावर कसा बोलला. तुमचे डोळे पाणावले होते. रुमाल काढून ते पुसलेत आणि त्याच दमात यमुनाबाईंकडे बघून म्हणालात, "आता यांचे लोक दुष्काळात आले. मिशनरी धान्य वाटायचे ना. भाकरीसाठी आलेले हे, विचारानं आलेले नव्हेत. इतिहास आहे, वाईट वाटून घेऊ नका हं यमुनाबाई."

हरीश लॅपटॉपच्या पिशवीची चेन लावत बसला. लागत नव्हती म्हणे.

यमुनाबाई म्हणाल्या, "वाईट कशाचं, साहेब? भाकरीसाठीच आलो. प्रभूनं पण शेवटच्या रात्री भाकरीच मोडली, पोथी नाही."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. साहेब, मला वाटतं तिचं भाषण तुम्ही त्या क्षणीच रद्द केलंत. एपवर्थला तुम्ही फक्त ते अमलात आणलंत.

एपवर्थ. टेकडीवरचं चर्च, ओलं गवत, कडेला ते थडगं. चारचौघांच्या थडग्यांसारखंच, आडवं, दगडाचं. यमुनाबाई लांबूनच थांबल्या. पदर डोक्यावर घेतला. वीणाला म्हणाल्या, "अगं, बुटकं आहे की! मी वस्तीवर सांगताना हात एवढा वर करायची." आणि तोंडावर हात ठेवून हसल्या.

तुम्ही आसपासच्या चर्चची पाच-सहा माणसं बोलावली होती. त्यांच्यापुढे तुम्ही वीस मिनिटं इंग्रजीत बोललात. पणजोबा आले, काशी आली. यमुनाबाई तुमच्या शेजारी हात जोडून उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांना वाटत होतं, साहेब आपली ओळख करून देतायत. तुम्ही संपवलंत तशी पॉलीन म्हणाली, "आणि भारतातून आलेल्या बाई? त्या बोलणार होत्या ना?"

तेव्हा तुम्ही बोललात. मी तुमच्यापासून एका हातावर होतो. "शी इज व्हेरी टायर्ड. शी वुड रादर नॉट." फार दमल्यात म्हणे त्या, बोलायला नको म्हणतात.

त्या भल्या माणसांनी यमुनाबाईंकडे बघून मायेनं माना डोलावल्या. यमुनाबाईंना वाटलं, बोला म्हणतायत. त्या एक पाऊल पुढे आल्या, घसा साफ केला. आणि तुम्ही त्यांचा दंड धरलात. "झालं, यमुनाबाई. चला, चहा थंड होईल."

"पण माझं सांगायचं?"

"वेळ नाही. आणि इथे मराठी कोणाला कळतं?"

मी म्हटलं, "साहेब, आम्हाला कळतं. अख्खी बस मराठी आहे."

"शशी, तू मधे पडू नकोस. तुला इथले रिवाज माहीत नाहीत."

रिवाज! ज्या दगडापाशी एका पाळकानं एका माणसाचं तोंड बंद करायचा प्रयत्न केला, त्याच दगडापाशी उभं राहून ती गोष्ट रंगवून सांगायची आणि सांगून झाली की लगेच दुसऱ्याचं तोंड बंद करायचं. निदान त्या जुन्या पाळकाला ही गोष्ट आधी ठाऊक नव्हती. तुम्हाला तोंडपाठ होती.

यमुनाबाई भांडल्या नाहीत. फाटकातून बाहेर पडल्या आणि उतारानं खाली बाजारात आल्या. तिथे दगडी पायऱ्यांचा जुना क्रूस आहे. त्यांनी चपला काढल्या, मोजे काढून चपलांत खोचले, आणि पायरीवर बसल्या. विहिरीच्या काठावर बसावं तशा. वीणा शेजारी बसली. बसमधले आठ-दहा जण आले. पॉलीन आली, आणि तुमच्या पाहुण्यांपैकी एक म्हातारा हातात टोपी घेऊन आला. पॉलीननं मला हळूच विचारलं, "त्या दमल्या होत्या ना?" मी म्हटलं, "त्या नाहीत. दमलेत ते साहेब."

यमुनाबाईंनी आधी सगळ्यांना विचारलं, "जेवलात का?" वस्तीवर त्या हेच आधी विचारायच्या. उपाशी माणसाला वचन ऐकवू नये, आधी त्याच्या चुलीची चौकशी करावी, ही त्यांची पद्धत. वीणानं इंग्रजीत सांगितलं. म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "हो बाई. हॅमचं सँडविच." मग त्यांनी गोष्ट सुरू केली.

वर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. मग पुन्हा. तुम्ही दारात उभे राहून घड्याळ दाखवत होतात. हरीश पळत खाली आला. "आई, ऊठ ना प्लीज. सगळे बघतायत. साहेब म्हणतायत बस जाईल."

"जाऊ दे की. तुला जायचं तर जा, बाळा. मी पायी फिरलेली बाई आहे."

तो गेला, साहेब. आईला पायरीवर सोडून तुमच्या बसमध्ये चढला. तुमच्या शिकवणीचा पहिला विद्यार्थी. आणि तुम्ही खरंच बस नेलीत. आमचे कोट आत, वीणाची पर्स आत. यमुनाबाई गोष्टीत पार थडग्यापर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी हात वर केला, मग आठवलं तसा खाली आणला, आणि दगडाची खरी उंची दाखवली. "एवढंच होतं. आत्ताच बघून आले." त्या म्हाताऱ्यानं तीन खेपा करून आम्हा सगळ्यांना आपल्या गाडीतून डॉनकास्टर स्टेशनवर सोडलं.

पुढच्या उपासनेला तुम्ही माइकवर म्हणालात, या वेळी चांगल्या मराठीत, "आपल्या एका वृद्ध भगिनीची प्रकृती बिघडल्यामुळे काही जणांना मागे थांबावं लागलं." यमुनाबाई तिसऱ्या रांगेत होत्या, ठणठणीत. वीणाच्या कानात म्हणाल्या, "कोण गं आजारी पडलं? मला कसं कळलं नाही? साहेबांना नाव विचार, प्रार्थना करू."

त्या भारतात परत गेल्या. दर रविवारी वीणाचा फोन असतो आणि दर वेळी त्या विचारतात, "त्या आजारी बाईला बरं वाटलं का?" त्या भोळेपणानं विचारतात की तुमची टर उडवतात, मला अजून उमगलेलं नाही. वीणा म्हणते, साहेबांनाच विचारा.

म्हणून विचारतो. सगळ्यांदेखत विचारतो, माइक तुमच्याच हातात राहू द्या. ती बाई दमली होती हे तुम्हाला कोणी सांगितलं? आजारी कोण होतं? येत्या रविवारी वीणा पुन्हा फोन लावेल आणि ती पुन्हा विचारेल. मी तिला काय सांगू, साहेब? बोला.