सोड म्हणजे पाणी

आणीबाणी उठली त्या सालची ही गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा आग लागली की अग्निशमन वगैरे कुणी म्हणत नव्हतं, ‘बंब बोलवा’ म्हणायचे. आणि बंब म्हणजे लालासाब. गाडी चालवायचा तोच, आणि जागेवर पोचलं की बंबामागं उभा राहून पंपाचा कॉक फिरवायचाही तोच. आग त्याला दिसायचीसुद्धा नाही. पुढून आरोळी यायची, ‘सोड!’ की हा पाणी सोडायचा. गवताच्या गंज्या म्हणू नका, गुऱ्हाळं म्हणू नका, लाकडाच्या वखारी म्हणू नका, सगळं या एका शब्दावर विझलेलं.

आरोळी द्यायचा त्र्यंबक. दोघं बरोबरच भरती झालेले. त्र्यंबक मॅट्रिक होता, म्हणून नागपूरला आग विझवायचं कॉलेज शिकून आला आणि साहेब झाला. पण साहेब झाला तरी माणूस तोच राहिला, असं लालासाब गावभर सांगत हिंडायचा. ईदेला शीरखुर्म्याची पहिली वाटी त्र्यंबकची, यावरून घरात बायकोची बोलणी खायचा बिचारा.

नागपूरहून आल्यापासून त्र्यंबकच्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं, फेसाचा बंब.

‘‘लालासाब, गाव बदललं लेका,’’ तो म्हणायचा. ‘‘घराघरात गॅस याय लागलाय, कारखान्यात तेलाच्या टाक्या हाईत. जळत्या तेलावर पाणी मारलं तर ते इझत न्हाय, उसळून अंगावर येतंय. फेस पाहिजे, फेस!’’

लालासाबला ते पटलं. आणि त्याला एखादी गोष्ट पटली म्हणजे संपलंच. त्या बंबासाठी दोघांनी कुणाकुणाचे उंबरे झिजवले! त्र्यंबक बोलायचा, लालासाब मागं उभा राहून मान हलवायचा. ‘बघू, करू’ यापुढं गाडी सरकेना.

अशात उचगावच्या रस्त्याला एका कारखान्याची तेलाची शेड पेटली. बंबावर बसल्या बसल्या त्र्यंबक सगळ्यांना बजावत होता, ‘‘तेलावर वाळू टाकायची. पाइप धरायचा तो फक्त शेजारच्या भिंती भिजवायला.’’ पाइप अमीनच्या हातात होता. अमीन म्हणजे लालासाबच्या बहिणीचा, ताजबीचा एकुलता एक पोरगा. मामाच्या नादानंच बंबावर लागलेला.

आत एक पिंप फुटलं. असा काही आवाज झाला की त्र्यंबकचं नागपूर जागच्या जागी विरघळलं आणि इतक्या वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. ‘‘सोड! सोड!’’

लालासाबनं कॉक फिरवला. अमीन पाइप नीट फिरवतोय तोवर पाणी थेट जळत्या तेलात गेलं. आगीचा लोळ बाहेर आला. पोरगं वाचलं, पण दोन्ही हात कोपरापर्यंत गेले कामातनं.

चौकशीला समिती बसली. त्र्यंबक उभा राहिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, ‘‘मी अमीनला ओरडून सांगितलं, पाइप सोड आणि मागं ये. लालासाबनं पाणी सोडलं.’’

समितीनं लालासाबला विचारलं, ‘‘शब्द ‘सोड’ हाच होता?’’

‘‘व्हय साहेब. हाच.’’

झालं! आपल्याच तोंडानं अडकला गडी. नवा बंब मंजूर झाला, लालासाबचं गाडी चालवायचं काम बंद झालं आणि त्याला बंबखान्याच्या फाटकावर बसवलं. आणि याचा भोळेपणा बघा, तो मनात त्र्यंबकला दोषही देईना. त्र्यंबक खोटं कशाला बोलंल? आपल्याच ऐकण्यात चूक झाली असंल. ताजबीला त्यानं तसंच सांगितलं. तिनं भावाला दार बंद केलं नाही, पण बोलणं बंद केलं, ते जास्त लागलं. अमीनचं त्याहून वाईट. खाटेवर पडून तो एकच घोकायचा, ‘‘साहेब मला सोड म्हणत हुते मामू, आन मीच पाइप धरून बसलो.’’

नवा बंब आला. लाल, चकचकीत, वर फेसाची टाकी. नवी भरती झालेली पोरं रांगेत उभी केली आणि त्र्यंबक त्यांना शिकवू लागला. फाटकाशी लालासाब पाइप वाळत घालत होता.

‘‘आजपासून आरोळी बदलली,’’ त्र्यंबक म्हणाला. ‘‘‘पाणी चालू’ आन ‘पाणी बंद’. ‘सोड’ म्हणायचं न्हाय. आपल्या बंबखान्यात सोड म्हणजे पाणीच, दुसरा अर्थच न्हाय. सवयीनं तोंडातनं जातंय आन माणसं भाजत्यात.’’

लालासाबच्या हातातला पाइप खाली पडला. कान शाबूत होते तर! इतके महिने हा माणूस स्वतःच्या कानांना शिव्या घालत होता. अंगाची नुसती आग आग झाली त्याच्या. पोरं पांगल्यावर तो सरळ त्र्यंबकसमोर जाऊन उभा राहिला.

‘‘दुसरा अर्थच न्हाय, व्हय रं?’’

त्र्यंबकनं आधी इकडंतिकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, ‘‘अधिकारीच चुकला म्हणल्यावर बंब मिळाला असता का? बंब गावाला पाहिजे हुता. तुलाबी पाहिजे हुता की.’’

‘‘पाहिजे हुता. मग मला इचारायचं हुतंस! लालासाब, एवढं अंगावर घे म्हणायचं हुतंस. घेतलं असतं मी. पण त्या पोराला हे असं मनाला लावून घेऊ दिलं नसतं. चल, आत्ताच्या आत्ता अमीनला खरं सांग.’’

‘‘पुढच्या आठवड्यात बघू. बंबाच्या पूजेला मोठं पावणं येणार हाईत. आत्ता नको.’’

लालासाब थुंकला आणि चालू लागला. सायकल काढली, तडक ताजबीचं घर गाठलं. अमीन खाटेवर बसला होता, ताजबी त्याला बशीनं चहा पाजत होती. लालासाबनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आरोळी पाण्याचीच होती, तू चुकला न्हाईस, मीबी चुकलो न्हाय, साहेब समितीपुढं खोटं बोलला.

ताजबीनं बशी खाली ठेवली आणि पोराकडं बघितलं. अमीन हसला. मामाची कीव आल्यासारखं हसला.

‘‘असू द्या मामू. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून सांगताय, कळतंय मला. पन त्र्यंबकसाहेब तुमच्याबद्दल खोटं कशाला बोलतील? तुमचं दोस्त हाईत की.’’