थिएटरच्या स्पीकरला जोडीदार

थिएटर कायमचं बंद झालं तेव्हा मालकाने जाता जाता प्रत्येकाला विचारलं, "काय नेताय आठवण म्हणून?" कुणी पंखे नेले, कुणी खुर्च्या. प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरांनी पडद्यामागचे दोन स्पीकर मागितले. खाली छातीएवढी लाकडी पेटी आणि वर ऐसपैस कर्णा, असं एकेक धूड. घरात आणताना दाराची फळी बिजागरीतून काढावी लागली आणि तिकीटबाईंचं शिवणयंत्र गॅलरीत गेलं.

तिकीटबाई म्हणजे ऑपरेटरांची बायको. त्याच थिएटरच्या खिडकीवर बावीस वर्षं बसल्या, म्हणून गल्लीत हेच नाव पडलं. जाळीपलीकडच्या गलक्यात कुणी पुटपुटलेलं "तीन, बाल्कनी" बाईंना बरोब्बर ऐकू यायचं. कान अजून तसेच तिखट होते. ऑपरेटरांचा मात्र सगळा जन्म मशीनच्या खडखडाटात गेलेला. हल्ली बाईंनी "चहा ठेवू का?" म्हटलं, की ते घड्याळाकडे बघून म्हणायचे, "सहा कधीच वाजून गेले." वर पुन्हा, "तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस." कान तपासायचं नाव काढलं, की दोन दिवस अबोला.

स्पीकर आले, पण ते चालवायला अँप्लिफायर नव्हता. ऑपरेटरांनी परस्पर ठरवून टाकलं, "चांगला दोनशे वॉटचा घ्यायचा. हत्तीला मुंगीचा घास पुरतो होय?"

स्पीकर काही दुकानात नेता येण्यासारखे नव्हते, म्हणून रेडिओ दुरुस्त करणारी सोल्डरताई शनिवारी सकाळी दोन अँप्लिफायर घेऊन घरीच आली. एक ऑपरेटरांनी सांगितलेला, उचलताना घाम फुटावा असा. दुसरा जेमतेम डब्याएवढा, वर काचेच्या चार नळ्या.

"हा कशाला आणलास?" ऑपरेटरांनी विचारलं.

"असू दे काका. आधी तुमचाच लावू."

तिने तारा जोडल्या, बटण दाबलं. गाणं अजून लावलं नव्हतं. तरी तिकीटबाईंनी मान वळवली.

"नळ चालू राहिलाय का कुठे?"

"नळ नाही काकू. इथून येतंय." सोल्डरताईने कर्ण्यावर हात ठेवला. "थिएटरचे स्पीकर हे. वॉटभर वीज दिली तरी हजार माणसांना ऐकू जावं म्हणून केलेले. इतके हलक्या कानाचे, की मोठ्या अँप्लिफायरची नुसती फुसफुससुद्धा मोठी करून सांगतात."

"कसली फुसफुस? चिडीचूप तर आहे." ऑपरेटर उठले. वाकून त्यांनी कान थेट कर्ण्याच्या तोंडात घातला. तिथेच थांबले. मग दुसरा कान लावला.

बाईंनी फोनवरचं बोलणं नवऱ्यासाठी पुन्हा सांगायचं, पाहुण्यांच्या विनोदावर त्यांना कोपराने खुणवायचं, हे सगळं इतकी वर्षं बिनबोभाट चाललं होतं. आताही "मलाच भास झाला असेल" म्हटलं, की झाकली मूठ राहिली असती. शब्द ओठांवर आलेही होते. पण कर्ण्यात डोकं घालून उभ्या असलेल्या त्या माणसाची पाठ बघून बाईंना खोटं बोलवेना.

जवळ जाऊन त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "आवाज आहे हो. तुम्हाला येत नाहीये."

ऑपरेटर सावकाश सरळ झाले. सोल्डरताई उगाचच एक तार सोडवत बसली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"झाली की पाच-सहा वर्षं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले. तुम्हाला ऐकू आलं नाही."

सोल्डरताईला हसू आवरेना, आणि बघता बघता ऑपरेटरही डोळे पुसत हसत सुटले. त्या पुसण्यात सगळं हसूच नव्हतं, ते बाईंना कळलं.

मोठ्या अँप्लिफायरवर गाणं लावलं, तर बटण केसभर फिरवताच भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं. केसभर मागे घेतलं, की एक कर्णा मुका; इतक्या खाली ते बटण दोघांना सारखं वाटतच नव्हतं. सोल्डरताईने तो काढून डब्याएवढा जोडला. नळ्या हळूहळू तांबूस झाल्या. या वेळी बाईंनी कान टवकारले, पण नळ वाहत नव्हता. गाणं सुरू झालं. बटण आरामात मधोमध पोचलं तेव्हा कुठे खोली भरली. आवाज मोठा होता, पण अंगावर येत नव्हता.

"किती वॉटचा?" ऑपरेटरांनी विचारलं.

"आठ. त्यातलाही एखादाच लागेल."

ते बराच वेळ ऐकत राहिले. "शब्द अजून अर्धेच कळतात गं," ते बायकोला म्हणाले.

"काका, मी स्पीकरला जोड शोधून देते," सोल्डरताई म्हणाली. "कानाचं काम माझ्याकडे नाही."

"ते समजलं मला." ऑपरेटरांनी मोठ्या अँप्लिफायरकडे एकदा बघितलं, डोळे भरून. "हा घेऊन जा. ती फुसफुस मला काय, कधीच त्रास देणार नाही. पण हिने ती रोज का ऐकायची?"

पुढच्याच आठवड्यात ते कान तपासायला गेले. नाव पुकारल्यावर "मी एकटाच जातो" म्हणून ताडकन उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "चल तूही. दोघांनी ऐकलेलं बरं."

महिनाभरात कानात यंत्र बसलं. पहिले काही दिवस ऑपरेटर वैतागले. वर्तमानपत्र खडखडतं, चप्पल ओरडते, शेजारी भांडी घासतात की फोडतात! यंत्र दोनदा खणात गेलं, दोनदा स्वतःच्या पायाने बाहेर आलं.

मग एका रविवारी दुपारी दोघं कर्ण्यांसमोर गाणं ऐकत बसले होते. बाई मांडीवर उशीचा अभ्रा घेऊन सुईदोऱ्याने शिवत होत्या. ऑपरेटरांनी एकदम हात वर केला.

"अगं, ही गाणारी प्रत्येक ओळीआधी श्वास घेते."

"घेणारच. माणूसच आहे ती."

"तसं नाही गं." ते पुढे सरकून बसले. "मला ऐकू येतोय."

बाईंनी सुई अभ्र्यात टोचून ठेवली आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्याही थांबल्या.