इभुत्याची सोय

मी लई चौकस बाई. बाजारात मला लांबून येताना बघितलं की वांगीवाली किडकी वांगी आपणहून बाजूला काढती. तवा कुत्रं कुठं ठेवायचं हे गुरुबाईनं डोळे झाकून ठरवलं, असं कुणी म्हणू नये. पोरगी द्यायची असल्यागत घरं बघितली मी.

झालं काय, माझी लेक चन्नव्वा उदगीरला बाळंत व्हायची होती. तिला सासू न्हाई, जाऊ न्हाई. मी गेले न्हाई तर कोण जाणार? महिना तरी लागणार होता. मुडबीत माझ्या घरात मी आणि हा कुत्रा, इभुत्या, दोघंच. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली होती. इभुत्या काळाकुळकुळीत, कपाळावर तेवढा आडवा पांढरा पट्टा, विभूती लावल्यासारखा. मठातले अय्या, आमचे स्वामी, या नावावरून माझ्यावर तापले होते. मी म्हणलं, अय्या, त्यानं ती जन्मताच लावून आणलीय, मी काय करू?

त्याला गल्लीत तसाच सोडून गेले असते. पण त्या उन्हाळ्यात पिसाळलेल्या कोल्ह्यानं दोन वासरं चावली आणि पाटलानं दवंडी पिटवली, ज्याच्या मागं माणूस न्हाई ते कुत्रं मारून टाकायचं. मग मात्र त्याच्यासाठी घर शोधणं भाग पडलं.

आधी राघोबाच्या खळ्यावर गेले. त्याची दोन दांडगी कुत्री इभुत्याला बघून दात विचकायला लागली. तिथून गुंडप्पाकडं. तो म्हणला खुशाल बांधा लिंबाखाली. पण त्याच्या दारातल्या पाण्याच्या डोणीत बोटभर शेवाळ होतं, आणि माणसं सकाळी रानात जाणार ती दिवस मावळल्यावर येणार. न्हाई पटलं.

उरली खाजाबी. कमरेएवढ्या भिंतीपलीकडं राहणारी पिंजारीण. निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीत तिचा नवरा गावाबाहेर गेला तो परत आला न्हाई, आणि आमच्या गल्लीनं तिच्याकडं जाणं-येणं टाकलं. मी बोलायची, पण भिंतीवरून. तिचा उंबरा काही मी ओलांडला न्हाई.

आता एक सांगते, ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आम्हा लिंगायतांत ताटात कण टाकत न्हाईत. गळ्यातल्या लिंगाला दाखवलं की जेवण प्रसाद होतं. ताट पुसून खायचं, वर पाणी घालून ताट धुवायचं आणि तेही पिऊन टाकायचं. मी मात्र हे गेल्यापासून शेवटचा घास ताटात ठेवायची आणि इभुत्याला द्यायची. एकटीला गिळवंना, म्हणून लागलेली सवय. त्यालाही तीच लागली. मी जेवताना हनुवटी भुईला टेकून ताटाशी बसायचा. तो घास मिळाला की मगच आपल्या थाळीला तोंड लावायचा, न्हाईतर उपाशी. पाप करते हे मला कळत होतं, म्हणून मागच्या अंगणात बसून जेवायची. भिंतीपलीकडून एकट्या खाजाबीनं ते बघितलेलं. तिनं कुणाला सांगितलं न्हाई.

ती आपणहून म्हणली, "मेरेकने छोड के जाव, अक्का."

मी म्हणलं, आमचा कुत्रा मांस खात न्हाई. तिनं कापसाचे हात पदराला पुसले. "मेरेकू बी कां मिलता गोश्त? जवारीच खाती मैं."

मग मी खोटं बोलले. भालकीला सोय झालीय म्हणलं. खरं सांगते, मला खाजाबीची भीती नव्हती. माझं कुत्रं तिच्या दारात बांधलेलं गल्लीनं बघितलं असतं, त्याची होती.

मग भालकीला सोय करावीच लागली. माझी चुलत नणंद शिवगंगा तिथं असती. तिचा नवरा महादेवप्पा आडत्या, दारात फरशी, चिंचेची सावली, फाटकाला कडी. उदगीरची मोटार तिथूनच. गावातल्या कल्लप्पाच्या बैलगाडीतून आम्ही गेलो. मी तिथला गोठा हातानं चाचपून बघितला, कडीला हिसका देऊन बघितला, आडाचं पाणी पिऊन बघितलं. काही म्हणता काही खोट निघाली न्हाई.

जेवताना शिवगंगेनं विचारलं, त्याच्या खाण्याची काही खोड हाय का. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात महादेवप्पानं ताटात पाणी ओतलं, बोट फिरवलं आणि डोळे मिटून प्यायला.

मी म्हणलं, "न्हाई. घालाल ते खातो."

चन्नव्वाला मुलगा झाला. बारशाच्या सुमाराला भालकीचा माणूस निरोप घेऊन आला, कुत्रं नीट खायना, काही सांगायचं हाय का. मला तिथल्या तिथं समजलं. एवढंच सांगायचं होतं, ताटातला एक घास द्या. पण त्या माणसासमोर, जावयासमोर कसं सांगू? म्हणलं, लाडावलाय मेला, भूक लागली की खाईल. आणि बाळाला तेल लावत बसले.

सत्तावीस दिवसांनी परत भालकीला आले. इभुत्या परसात बांधलेला. बरगड्या मोजून घ्याव्यात असा. उठताना त्याचे मागचे पाय लटपटले, तरी शेपूट हलवलं त्यानं. शिवगंगा बिचारी रडायलाच लागली. म्हणली, दूध घातलं, तूप घातलं, गूळ घातला. हा थाळी सोडून आमच्या ताटापाशी येऊन बसायचा. आम्हांला वाटलं हावरट हाय, म्हणून मागं बांधला. दोन-दोन दिवसांनी कधी चार घास खायचा. "आमचं काय चुकलं, वहिनी?" ती विचारायली होती.

मी म्हणलं, तुमचं काही न्हाई चुकलं.

तिनं मला जेवायला वाढलं. इभुत्याला सोडला, तसा तो सरळ माझ्या ताटाशी आला आणि हनुवटी टेकून बसला. मी जेवत गेले. शेवटचा घास राहिला. समोर महादेवप्पा, बाजूला शिवगंगा, दोघं माझ्याकडं बघायलेले. हात खाली न्यायचा तेवढाच अवकाश होता.

तो घास मी खाल्ला. ताटात पाणी ओतलं, बोट फिरवलं आणि प्याले.

इभुत्यानं ताट बघितलं, मला बघितलं. मग उठला आणि फाटकापाशी जाऊन पडला.

न्यायला कल्लप्पाच आला होता. वाटेत ओढ्यावर त्यानं गाडी सोडली. मी भाकरी खाल्ली आणि कल्लप्पासमोरच शेवटचा घास इभुत्याच्या तोंडाशी धरला. लाज वाटली न्हाई, काही न्हाई. त्यानं तोंड फिरवलं. दुसरा धरला, तिसरा धरला. गाडीतल्या गवतात डोळे मिटून पडून राहिला तो.

मुडबीत कल्लप्पानं त्याला उचलून खाली ठेवला. खाजाबी दारात जेवत बसली होती. तिनं कुत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आखरी निवाला नै दिये क्या उनो, अक्का?"

'उनो' म्हणजे भालकीचे. माझ्यावर तिचा संशयच गेला न्हाई. तिनं ताट भुईला ठेवलं, भाकरीचा तुकडा आमटीत भिजवला आणि हात पुढं केला. इभुत्या खुरडत गेला. हुंगला. खाल्ला. मग तिनं तिची उरलेली भाकरी चुरून घातली, तीही त्यानं संपवली. मी तिच्या उंबऱ्याच्या अलीकडं उभी राहून बघत होते.

आता तो तिथंच असतो. माझ्यावर राग धरला म्हणावं तर तसंही न्हाई. सकाळी येतो, पायाला अंग घासतो, मी खाजवलं की डोळे मिटतो. फक्त जेवणवेळ झाली की भिंतीवरून उडी मारून तिकडं जातो. किती हाका मारल्या तरी थांबत न्हाई.

मी आता ताट पुसून खाते. पाणी घालून तेही पिते. परवा मठात अय्या चारजणींना सांगत होते, प्रसाद कसा घ्यावा ते गुरुबाईकडून शिका. सगळ्या माझ्याकडं बघायल्या होत्या. मी मात्र ते ताटातलं पाणी रोज भिंतीकडं बघत पिते.