दोन ओळींच्या मधली गिटार

मित्रांनो, मी मिरजगावातली एक जुनी गिटार आहे. पत्र्याच्या खोलीत, ज्वारीच्या कणगीला टेकून उभी असते. माझ्या पोटाला चीर गेली आहे आणि ती सरसाने चिकटवलेली आहे. माझी कहाणी गोड नाही. गोड ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझा जन्म कोलकात्याच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या ढिगाने निघतात. मी ट्रकने नगरला आले आणि दुकानाच्या काचेमागे बसले. कॉलेजच्या एका पोराने मला घेतलं, चार पोरींसमोर मिरवलं आणि जुन्या बाजारात विकून टाकलं. तिथून मला मिरजगावच्या सहादेवने उचललं. घरी आणून त्याने आधी माझी धूळ पुसली, मग स्वतःचे हात धुतले.

सहादेवचे वडील भीमगीतं गायचे. त्याचीही स्वतःची गायन पार्टी होती. बारसं असो, लग्न असो, जयंती असो, आम्ही टेम्पोत बसून जामखेडपर्यंत जायचो. माझं काम ठरलेलं. गायकाने एक ओळ म्हणायची, पुढची ओळ येईपर्यंतची जागा मी भरायची, मग गप्प बसायचं. टाळ्या गायकाला. मला त्याचं दुःख नव्हतं. लोक शब्द ऐकायला यायचे आणि ते शब्द ऐकण्यासारखे होते.

मग डीजे आला. ट्रकवर स्पीकरची भिंत रचायची आणि म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरेपर्यंत वाजवायची. आमची पार्टी मोडली. कुणी मोडली? सगळ्यांनी. गणपतीवाल्यांनी, वरातवाल्यांनी आणि जयंतीवाल्यांनीसुद्धा. माझ्याच माणसांना मी झाकणार नाही. ज्या चौकात सहादेवचे वडील घसा बसेपर्यंत गायले, त्याच चौकात त्यांच्याच वस्तीतल्या पोरांनी ती भिंत आणली.

गावातला डीजेचा मालक गोरक्ष. त्याने सहादेवला कामावर घेतलं. गल्लीत विजेच्या तारा खाली लोंबतात. ट्रकपुढे चालायचं आणि बांबूने तारा वर उचलून धरायच्या. तोंड तारांकडे, पाठ त्या भिंतीकडे. कलावंताला गावाने दिलेलं काम हे. आणि मी कणगीमागे. माझ्या पोटात उंदराने घर केलं होतं.

एका दुपारी सहादेव फोनवर जुनं गाणं ऐकत होता. ते संपलं आणि आपोआप दुसरं काहीतरी लागलं. नुसती गिटार. संथ, जड पावलांची. त्याची बायको भीमाबाई कापूस वेचून नुकतीच आली होती, दारात बसून चहा पीत होती.

"अवो, गानारा कवा सुरू व्हनार?"

"थांब की. आलाप चालू आसंल."

चहा संपला तरी गाणारा आला नाही.

"पळाला जनू," भीमाबाई म्हणाली. "हुंडा न्हाई मिळाला आसंल."

सहादेवला वाटलं, हा ट्रॅक आहे. ऑर्केस्ट्रावाले वापरतात तसा, गाणारा काढून टाकलेला. म्हणून त्याने वडिलांचं एक गीत त्यावर म्हणून पाहिलं. ते बसेना. तो ओळ उचलायचा आणि ती गिटार मध्येच त्याला अडवायची. पुन्हा उचलायचा, पुन्हा अडवायची. मग त्याने गाणं सोडलं आणि फोन कानाला लावला. 

"भीमे, गानारा न्हाईच ह्यात. ही गिटारच गातीय."

मित्रांनो, मी कणगीमागून ते ऐकलं. आयुष्यभर दोन ओळींच्या मधे उभी राहिलेली मी. माझ्या जातीची कुणीतरी, जगाच्या कुठल्यातरी टोकाला, अख्खं बोलणं स्वतः बोलत होती आणि तिला कुणी गप्प बस म्हणत नव्हतं.

त्याने मला बाहेर काढलं. उंदराचं घर मोडलं, नव्या तारा चढवल्या. फोनवर लिहिलेलं असायचं, ब्लूज, जॅझ. नावं कळत नव्हती, पण ऐकून ऐकून तो शिकला. तार बोटाने आडवी ओढली की सूर चढतो, आणि मधे कुठेतरी बाईच्या हुंदक्यासारखा अडकतो. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली तारेवरून घसरवली तर मी विव्हळते. जॅझ ऐकताना तर तो हसायचा. "एकच चाल, पर दरवेळी दुसऱ्याच वाटंनी घरी येत्यात बेनी."

त्याची मुलगी सुकन्या नगरला एमआयडीसीत कामाला आहे. तिने वाचून त्याला फोनवर सांगितलं, "आबा, आफ्रिकेतनं धरून नेलेली, विकलेली काळी मान्सं हुती. मळ्यात कापूस येचायची. त्यांच्या लेकरांनी हे काढलं."

सहादेवने भीमाबाईच्या बोटांकडे पाहिलं. बोंडांनी ती ओरबाडलेली होती.

"म्हंजी आपल्यातलीच की," तो म्हणाला.

पण त्याच्या कानात रातकिडा ओरडू लागला होता. फोनचा आवाज वाढवावा लागत होता. नगरला कानाच्या डॉक्टर पंकजाबाईंनी तपासलं. त्या सरळ म्हणाल्या, "कानातली नस मरतेय. मेलेली परत येत नाही. त्या भिंतीपुढचं काम सोडा, नाहीतर हे गिटार वगैरे विसरा."

त्याने काम सोडलं. मी त्या दिवसांत जितकी गायले तितकी कधीच गायले नव्हते. मग एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला आणि गोरक्ष दारात उभा राहिला.

"सहादेवभाऊ, बारक्या गल्लीतनं मिरवणूक हाय. ट्रकवर धा-पंधरा पोरं नाचनार. तिथल्या तारा तुमालाच म्हाईत. उद्या एखांदं तारंला चिकाटलं तर?"

सहादेवने कोपऱ्यातला बांबू बाहेर काढला. पोरं मरतील, ही एक गोष्ट त्याला टाळता येईना. भीमाबाईने ओटीतला कापूस काढला, तेलात बुडवला, दोन बोळे त्याच्या कानांत गच्च बसवले.

"काढू नगा," ती म्हणाली.

पुढचं मी पाहिलं नाही. भीमाबाई मिरवणुकीत मागे चालत होती, तिने सुकन्याला सांगितलं ते मी ऐकलं. चौकात गाणं बदलताना डीजे क्षणभर थांबला आणि पोरांनी बोळे पाहिले. आपल्याकडे कानांत कापूस बाळंतीण घालते.

"आरं, सहादेवभाऊ बाळंत झालं," एक जण ओरडला.

"पोरगं का पोरगी?" गोरक्ष ट्रकवरून म्हणाला. "डिंकाचं लाडू धाडू का?"

सगळी गल्ली हसली. पुढारीही हसला. आणि सहादेवने, ज्याने वडिलांसोबत गावाच्या शिव्या खात भीमगीतं गायली, त्याने दोन्ही बोळे काढून गटारात टाकले. बाईसारखं दिसण्याची लाज. ही लाज आपण पोरांना पाळण्यापासून पाजतो. त्याने बांबू उचलला, तार वर धरली. एकाही पोराला काही झालं नाही. भिंत त्याच्या पाठीशी वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी भीमाबाईने हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. रातकिडाही गप्प झाला होता. डॉक्टर पंकजाबाईंनी कानाचं मशीन लावून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. गोरक्ष भेटायला आला नाही. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक मात्र चौकात अजून आहे.

तो आता मला अंगणात घेऊन बसतो. हनुवटी माझ्या लाकडावर टेकवतो आणि वाजवतो. थरथर हाडात शिरते, तेवढंच त्याला मिळतं. माझी दुसरी तार उतरली आहे. त्याला कळत नाही. सुकन्या आली होती, तिने खुंटी पिळायला हात पुढे केला, तर भीमाबाईने तो धरला. "ऱ्हाऊ दे. त्यांच्यापुढं नगं." वाजवून झालं की तो बायकोकडे बघतो, आणि भीमाबाई मान डोलावते.

मित्रांनो, कानांत बोळे घातलेला माणूस मिरवणुकीत दिसला तर हसू नका. कुणी हसलं तर त्याचं तोंड धरा. आणि कधी मिरजगावला आलात, तर सहादेव अंगणात वाजवत असेल. मी बेसूर असेन. उठून जाऊ नका. तो तुमच्याकडे बघेल, तेव्हा मान डोलवा.