चार चकचकीत भाऊ आणि मी

मी एक जुना सुळा आहे. हसू नका मित्रांनो! आणि हसायचंच असेल तर तोंडावर हात न ठेवता हसा. का, ते पुढे सांगतो.

प्रियदर्शनीच्या वरच्या जबड्यात, उजव्या बाजूला, पटाशीच्या चार दातांना लागून माझं घर आहे. डावीकडेही एक सुळा आहे, पण ती हसते उजवीकडे झुकून, त्यामुळे तो ओठाआडच राहतो. त्या बिचाऱ्याचं कशाबद्दल काही म्हणणं नसतं. माझं असतं.

तिला अकरावं वर्ष लागलं तेव्हा मी हिरडीतून डोकं वर काढलं. कुंभार पिंपळगावला तिच्या वडिलांची, कडूबांची, शेती. घरात पाणी शेतातल्या बोरचं. त्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळे आम्ही उगवलो तेच अंगावर तपकिरी पट्टे घेऊन. मीही, आणि माझे चारी भाऊही. शाळेत पोरं तिला विचारायची, "काय गं, तपकीर खाऊन राह्यली का?" तेव्हापासून हसू आलं की तिचा हात आपसूक तोंडावर जायचा. पण घरात माझा रुबाब होता. उसाचं कांडं मी सोलायचो, पोत्याची सुतळी मी तोडायचो. कडूबा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "आमच्या पोरीला कोयता लागत न्हाई!" दात म्हणून जन्मलो, नाहीतर तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं.

लग्न होऊन ती शहागडला आली. तिचा आवाज खणखणीत, बोलणं लाघवी. लग्नकार्यात माइकवर बोलायला लोक तिला बोलावू लागले. एकदा कुणीतरी अशाच एका लग्नाचा व्हिडिओ पाठवला. त्यात ती जेव्हा जेव्हा हसली, तेव्हा तेव्हा तोंडावर हात. तिनं तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि दुसऱ्याच आठवड्यात जालन्याची एसटी धरली.

दातांच्या डॉक्टर चिन्मयीताईंनी माझ्या चारी भावांना समोरून थोडं घासलं, त्यांचं माप घेतलं आणि पुढच्या खेपेला प्रत्येकावर पोर्सिलेनची, नखासारखी पातळ पत्ती चिकटवली. व्हिनिअर म्हणतात तिला. मी आपला वाट बघतोय, आता माझा नंबर, आता माझा नंबर. तर बाईंनी मला अवजारानं टकटक केलं आणि म्हणाल्या, "हा सुळा राहू द्या, ताई. चांगला मजबूत आहे. उगाच कशाला घासायचा?"

राहू द्या म्हणे! वाटणीत चार भावांना बागायत द्यावी आणि पाचव्याला म्हणावं, तू दणकट आहेस, तू माळरान घे, तसं झालं हे.

घरी आल्यावर शेजारच्या नंदाबाई दारातच ओरडल्या, "अगं माय! काय दात झालेत गं, मोत्यावाणी!" सगळे चौघांकडे बघत होते. आरशातही ती चौघांनाच न्याहाळायची. त्यांच्यासाठी नवा नरम ब्रश आला, साधी पेस्ट आली. चहा प्याला की चूळ, पिवळा रस्सा खाल्ला की चूळ. खरखरीत पावडर बिलकुल लावायची नाही, दातानं काही तोडायचं नाही, सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. सगळे नियम त्यांच्या चकाकीसाठी! आणि माझ्यावरून ब्रश जाता जाता एकदा फिरायचा, तोही घाईत. सुतळी तोडायचं माझं काम गेलं ते गेलंच. खोटं कशाला बोलू, मी जळून खाक झालो. रोज सकाळी मनात म्हणायचो, पडा रे एकदाचे काळे!

आणि मित्रांनो, माझ्या मनासारखं व्हायला लागलं. लग्नसराई आली. एका मांडवातून दुसऱ्या मांडवात, चहावर चहा. चूळ भरायची राहून जाऊ लागली. पत्ती सहसा डागाळत नाही, पण हिरडीजवळच्या तिच्या कडेला चहा साचतो. चौघांच्या कडेला बारीक पिवळी रेघ दिसू लागली. नेमकं त्याच वेळी माहेरी चुलतबहीण अक्षताचं लग्न ठरलं. माइक प्रियदर्शनीकडे! ज्या गावानं तिला तपकिरीवरून चिडवलं, त्याच गावापुढे तिला उघड्या तोंडानं हसायचं होतं. त्यासाठी तर तिनं एवढा खटाटोप केला होता.

तिचं तोंड उतरलेलं बघून सासूबाई झुंबरबाई म्हणाल्या, "आगं, एवढं काय त्यात? देवाचा तांब्या बघ राखेनं कसा लखलखतो. मंग दात न्हाई का लखलखणार?"

"आई, डॉक्टरीणबाईनं पावडर नको म्हणून सांगितलंय."

"ती इकतची पावडर. ही माझ्या हातची हाय."

गोवरीची राख, मीठ, तुरटी. झुंबरबाईंनी प्रेमानं राखुंडी कुटली आणि प्रियदर्शनीनं सहा दिवस ती खसाखसा घासली. घास, आणखी घास, मी आतून ओरडत होतो. रेघ थोडी फिकी झाली, पण पत्त्यांची चकाकीच उतरली. घासलेल्या काचेसारखे चौघे मंद दिसू लागले. सातव्या दिवशी तिनं आरशात पाहिलं आणि तिचा हात पुन्हा तोंडावर गेला.

जिंकलो, मी म्हणालो. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मला ऊनच दिसलेलं नाही. मी कधी दिसायचो? ती मोकळी हसली की. ती हसेनाशी झाली, आणि चौघांबरोबर मीही अंधारात बसलो. माझ्या जळण्यानं मलाच काय मिळालं? काही नाही.

झुंबरबाईंचा जीव कासावीस झाला. "माझ्याच हातानं मी तुझं वाटोळं केलं गं," म्हणत त्या स्वतः सुनेला घेऊन जालन्याला गेल्या. चिन्मयीताईंनी कपाळाला हात लावला. "आजी, तांब्या पितळेचा असतो. याच्यावर काचेसारखा लेप असतो, राखेनं ओरखडे पडतात." त्यांनी वेगळ्या मऊ पेस्टनं चौघांना पॉलिश केलं. पहिल्याइतकी नाही, पण चकाकी आली. निघताना त्या म्हणाल्या, "ताई, लग्न झालं की सुळ्यालाही पत्ती लावू या का? शोभून दिसेल."

माझा तर विश्वासच बसेना! लग्न होईपर्यंत मी दिवस मोजत होतो.

मांडवात अक्षता नाव घ्यायला उभी राहिली आणि नवऱ्याच्या जागी दिराचं नाव घेऊन मोकळी झाली. सगळा मांडव हसला. प्रियदर्शनीही हसली, माइक हातात, तोंड उघडं, उजवीकडे झुकून. समोर तिची सात वर्षांची भाची स्वरा बसली होती. तिचे नवे दात तसेच, बोरच्या पाण्याचे. हसताना तिनं तोंडावर हात धरला होता. ती टक लावून बघत राहिली. चौघांकडे नाही, मित्रांनो. माझ्याकडे.

"आत्या! तुझा बी एक दात माझ्यासारखाच हाय!"

आणि तिचा हात खाली आला.

पुढच्या सोमवारी दवाखान्यातून फोन आला. प्रियदर्शनी म्हणाली, "सुळा राहू द्या, डॉक्टर. तो माझ्या स्वराला लागतो." खरं सांगू? मला थोडं वाईट वाटलं. पत्तीची हौस अशी जात नाही. चौघांकडे बघून अजूनही अधूनमधून पोटात दुखतं. पण आता ते काळे पडावेत असं मी म्हणत नाही. ते चकाकतात म्हणून ती हसते, आणि ती हसते म्हणून मला ऊन मिळतं.

तेव्हा मित्रांनो, पत्त्या असोत की आमच्यासारखे पट्ट्यापट्ट्यांचे, दात नरम ब्रशनं घासा, चहानंतर चूळ भरा आणि राख तांब्यालाच ठेवा. आणि एवढं करताना ब्रश जरा कोपऱ्यातही नीट फिरवा. तिथंही कुणीतरी वाट बघत असतं.