पट्टेवाली

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नव्हे आणि दप्तराचाही नव्हे. जाड चामडं, चार नटबोल्ट आणि मुठीएवढी एक डबी, एवढाच माझा संसार. डबीत यंत्र आहे. पाच वर्षं मी एका सिंहिणीच्या गळ्यात राहून ती कुठे आहे ते टिकटिक करून सांगत होतो. आता मी संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत असतो आणि येणारेजाणारे माझं कौतुक करतात. त्या कौतुकाचा मला वीट आला आहे, म्हणून बोलतो.

मला शिवणाऱ्या कारागिराने मला स्वतःच्या मांडीला आवळून पाहिलं होतं. दोन बोटं आत गेलीच पाहिजेत, नाहीतर जनावराला घास गिळता येत नाही, असं तो म्हणायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी सिंहिणीला गुंगीचं औषध देऊन मला तिच्या गळ्यात बांधलं. आठवडाभर तिने मला पायाने खाजवून खाजवून हैराण केलं. मग विसरली. मी मात्र तिला एक क्षणही विसरलो नाही. तिचा श्वास माझ्या चामड्याखालून जायचा आणि मला वाटायचं, आपणही जिवंत आहोत.

जंगलाच्या चौकीत माग काढणारी एक ताई होती. रोज सकाळी ती टेकडीवर उभी राहून कानाला यंत्र लावून माझी टिकटिक ऐकायची. कचेरीतल्या शिपायाला पट्टेवाला म्हणतात ना, म्हणून तिने थट्टेने सिंहिणीचं नाव पट्टेवाली ठेवलं. "पट्टेवाली कामावर हजर!" असं ती वायरलेसवर सांगायची आणि चौकी हसायची. नाव इतकं रुळलं की अहवालातही तेच जाऊ लागलं.

एका शेताच्या कुंपणालगत रानडुकरांसाठी तारेचा फास लावला होता. सिंहीण त्यात कमरेत अडकली. तिच्यावर कुणाचा राग नव्हता, हे मला अजून जास्त बोचतं. ती ओढायची आणि तार आवळायची. तिची तीन महिन्यांची दोन पिल्लं पहिल्या दिवशी दूध प्यायली. दुसऱ्या दिवशी दूध आटलं.

टिकटिक एकाच जागेवरून येते, हे ताईने ओळखलं. झाडी दाट होती आणि आत पिल्लांची आई. डॉक्टर आणि गाडीशिवाय तिथे जायची मनाई होती, आणि दोन्ही मोठ्या कचेरीत होते. तिने वायरलेसवर निरोप दिला, "पट्टेवाली दोन दिवस जागेवरून हललेली नाही. आजारी असावी. ताबडतोब आदेश व्हावा."

पुढचं मला नंतर कळलं, त्याच कचेरीच्या टेबलावर पडून असताना. मोठे साहेब नुकतेच बदलून आले होते. निरोप वाचून ते कारकुनाला म्हणाले, "आजारपणाची ढोंगं! नोटीस काढा तिला."

ताईने दुसऱ्यांदा निरोप दिला. उत्तर आलं, "कारवाई सुरू आहे." ती बिचारी गाडीच्या वाटेकडे डोळे लावून बसली.

चौथ्या दिवशी कचेरीतली शिपाईबाई नोटीस हातात घेऊन साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, हलले नाही कसं म्हणता? सकाळपासून तुमचाच चहा तीनदा आणलाय!"

"मग ही आजारी पट्टेवाली कोण?"

कारकून चाचरला. "साहेब, ती... सिंहीण असेल."

मित्रांनो, आधी सगळे हसले. मग गाडी निघाली.

त्या सकाळीच तिचा श्वास मला लागेनासा झाला होता. मी टिकटिक करतच राहिलो, कारण मला तेवढंच येतं. ताईने माझे बोल्ट स्वतःच्या हाताने काढले. "नाव मीच ठेवलं हो," एवढंच ती डॉक्टरांना म्हणाली.

एक पिल्लू मेलं होतं. दुसरं गजाआड वाढतं आहे. त्याला बादलीतून मांस मिळतं. शिकार शिकवणारी गेली, त्यामुळे ते जंगलात कधीच परतणार नाही. आणि त्या शेतात आता डुकरं दिवसाढवळ्या शिरतात, कारण त्यांना खाणारी उरली नाही. मालक काय करतो? आणखी फास लावतो!

माझ्या पेटीवर पाटी आहे, 'सिंह वाचवणारे यंत्र'. साफ खोटं आहे ते. यंत्र फक्त ओरडतं, धावायचं माणसांनी असतं. सिंह उरले तर हरणं-डुकरं आवरतात, रान टिकतं, शेतं टिकतात. हे मोठ्यांना सांगून मी थकलो, म्हणून तुम्हाला सांगतो. पेटीपुढे आलात की "वा!" म्हणू नका. तुम्हाला इथे आणणाऱ्या मोठ्या माणसाचा हात धरा आणि मोठ्याने विचारा, हा पट्टा ज्या गळ्यात होता, तो गळा कुठे आहे?